पल्याडच्या घाटावरचं ऊन

खुशाल सोनकुसरे याचे आयुष्य आंधळगावच्या कोष्टी गल्लीत एका खड्ड्यात पाय सोडून बसण्यात गेले. तिथले माग जमिनीलगत बसवलेले असतात. विणणारा मागापुढच्या खड्ड्यात पाय ठेवून पावड्या दाबतो आणि हातांनी धोटा फेकतो. त्यामुळे कमरेखालचा माणूस दिवसभर जमिनीच्या पोटात राहतो. खुशालच्या पायांना दोनच गोष्टी येत होत्या, मागाची पावडी आणि सायकलचे पायडल. धागा व्यापाऱ्याचा आणि विणून झालेले कापडही व्यापाऱ्याचे. या दोहोंच्या मधले श्रम तेवढे त्याचे होते. गोंदिया वेगळा होऊन भंडारा जिल्हा निम्मा उरला, तेव्हा गल्लीत त्यावर पुष्कळ चर्चा झाली. खुशालने ती मागावर बसूनच ऐकली.

त्याची धाकटी बहीण ललिता ही लहानपणी त्याच्या मागाशेजारी चरख्यावर कांड्या भरत असे. धोट्यात बसणारी, धागा गुंडाळलेली ती लहानशी नळी रिकामी झाली की विणणाऱ्याचा हात थांबतो. ललिताने तो कधी थांबू दिला नाही. भाऊ चांगला विणकर झाला त्यात तिचा वाटा होता आणि तो त्याने मान्यही केला होता. पण घरच्या मागावरचे एकही लुगडे तिच्या अंगावर आले नाही. तिच्या लग्नातसुद्धा दुकानातली साडीच नेसवली, कारण मागावर होते ते दुसऱ्याचे होते. तिला दिली ती वैनगंगेपलीकडे मोहटोल्याला. सासरच्यांनी माग केव्हाच मोडून धानाची शेती धरली होती.

दर भाऊबीजेला खुशाल सायकलने मोहटोल्याला जाई. भंडाऱ्याहून पूल ओलांडून जाणारी सडक होती, परंतु ती मोठा वळसा घेई. तो नदीच्या अलीकडच्या काठाने, भंडाऱ्याच्या खाली उतरत जाणाऱ्या वाटेने जात असे. मोहटोल्यासमोर नदी उथळ होती. उन्हाळ्यात सायकल खांद्यावर घेऊन रेतीतून चालत जाता येई आणि दिवाळीच्या सुमारास मंगरू ढिवराचा डोंगा, म्हणजे लहान होडी, असे. पुढे नदीच्या खालच्या अंगाला धरण झाले, पाणी अडले आणि मागे मागे सरकत मोहटोल्याच्या पायथ्याशी आले. जुनी वाट बुडाली आणि पाण्याच्या कडेने लोकांच्या पायांनी नवी वाट पडली. या पाण्याला त्या भागातले लोक समुद्र म्हणू लागले. ज्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता त्यांनीच हे नाव दिले होते. मंगरूचा डोंगा मात्र चालू राहिला, फक्त त्याला वल्हवायला आता पूर्वीच्या कितीतरी पट वेळ लागू लागला.

अशाच एका भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर ललिताने भावाने आणलेल्या साडीची घडी हातात तोलली आणि ती म्हणाली, "दादा, लहानपनी कांड्या भरून भरून बोटं झिजले माहे. आन नेसतो काय, त दुकानातलं. तुह्या हातचं कवा नेसवशीन? मेल्यावर?"

"मेल्यावर कायले? पुढच्या दिवाळीले आनतो."

"तू आनशीन. व्यापाऱ्याले विचारून ये बावा आधी."

सगळे हसले. खुशालही हसला, पण परतताना त्याने ठरवले. काम संपल्यावर कांडीवर थोडासा कोश्याचा, म्हणजे टसर रेशमाचा, धागा शिल्लक राहतो. तो विणकराने ठेवावा असा त्या धंद्यात रिवाज आहे. खुशाल हा धागा साठवू लागला. उभ्या धाग्यासाठी साधे सूत आणले, काठ तांबडा घेतला, आणि घरातला वडिलांचा मोडका माग दुरुस्त करून त्यावर व्यापाऱ्याच्या कामातून उरलेल्या वेळात तो ते लुगडे विणू लागला. शिल्लक धागा हळूहळूच जमतो. पुढची दिवाळी गेली, तिच्या पुढचीही गेली. लुगडे मात्र वाढत होते. पौष लागला तेव्हा अंग विणून झाले होते आणि फक्त पदर राहिला होता.

त्याच पौषातल्या एका सकाळी कापड-दुकानदार भैय्यालाल गल्लीत आला. गल्लीतल्या पुष्कळांचे निरोप त्याच्याच फोनवर येत. तो खुशालच्या दाराशी आला.

"खुशालभाऊ, मोहटोल्याहून फोन होता. ललिताबाई गेली."

"कुठं गेली?" खुशालने विचारले आणि मग त्याचे त्यालाच समजले.

अंगणात सडा टाकता टाकता ती खाली बसली होती आणि उठली नव्हती. फोन तिचा मुलगा प्रविण याने केला होता. ऊन आहे तोवर वाट पाहू, असे त्याने कळवले होते.

वाट पाहायची ती भावाची आणि त्याच्या हातातल्या लुगड्याची. बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचे वस्त्र माहेरचे पडावे लागते. ते आल्यावाचून तिला उचलत नाहीत. जन्मभर जिने सासरचे नाव लावले, सासरचे राबणे राबले, तिच्यावर माहेराचा काहीतरी हक्क उरला आहे हे मान्य करण्याची आपल्या समाजाची ही एकमेव आणि फार उशिराची रीत आहे. म्हणूनच बहुधा लोक ती इतक्या काटेकोरपणे पाळतात.

"दुकानात चाल," भैय्यालाल म्हणाला. "हिरवी काढून देतो. सवाष्ण गेली, हिरवीच पाहिजे. जीप बी सांगतो, दुपारपर्यंत पुलावरून पोचशीन."

खुशाल मोडक्या मागाकडे पाहत होता. "पदर राह्यला हाये फक्त."

"म्हंजे?"

"आखूड पदर घालतो. होऊन जाईन."

"अरे, मेलेल्या मानसाले काय समजते रे, कोन्या मागावरचं हाये ते?"

"तिले समजे."

भैय्यालालने खुशालच्या बायकोकडे, ताराबाईकडे पाहिले. ताराबाई दारात पदर तोंडाशी धरून उभी होती. "सुतक पडलं, आन मागावर बसता?" ती म्हणाली. "गल्लीतल्या लोकाइनं माग बंद केले तिच्यासाठी. अन् तिच्या सख्ख्या भावाचाच माग वाजन काय?"

हे खरे होते. गल्लीची लेक गेली म्हणजे गल्लीतले माग थांबतात. त्या सकाळी एकामागून एक सगळे माग बंद झाले होते आणि इतकी शांतता पडली होती की लांबच्या आटाचक्कीचा आवाज ऐकू येत होता.

"अर्धं कापून नेऊ काय मग?" खुशाल म्हणाला. अर्धे कापड मागावरून उतरवणे हे कोष्ट्याच्या घरात सुतकात विणण्याहूनही वाईट समजतात. ताराबाईला ते ठाऊक होते. थोड्या वेळाने ती चरख्याशी जाऊन बसली आणि कांड्या भरू लागली.

अशा रीतीने त्या दिवशी संबंध गल्लीत एकच माग वाजत होता, आणि तो ज्या घरात वाजायला नको त्याच घरात. लोक दारात येऊन ऐकत आणि आत जात. कोणी त्याला थांबवले नाही. खुशालने पदर आखूड घातला, तरी त्याला वेळ लागायचा तेवढा लागलाच. धोटा घाईने फेकला की काठ खेचला जातो, आणि खेचलेला काठ त्याला तिच्या अंगावर नको होता. दुपार कलल्यावर त्याने लुगडे कापले, चौघडी केली आणि स्वच्छ फडक्यात बांधले. जीप तोवर दुसऱ्या भाड्याला निघून गेली होती. भाजीचा एक टेम्पो भंडाऱ्याला जात होता. त्यात सायकल टाकून तो निघाला.

भंडाऱ्यात उतरल्यावर दोन वाटा होत्या. पुलावरून जाणारी सडक खात्रीची, पण लांब. पाण्याकडेची वाट जवळची आणि शेवटी मंगरूचा डोंगा. खुशालने उन्हाकडे पाहिले आणि सायकल खाली, पाण्याच्या दिशेला वळवली.

गावाबाहेर पडताच पाणी डाव्या हाताला आले आणि मग सुटलेच नाही. वाट मुरमाची, मधे मधे चिखलाची होती. पाण्यात बुडालेल्या झाडांचे वाळके शेंडे वर राहिले होते आणि त्यांवर पाणकावळे पंख पसरून बसले होते. एके ठिकाणी जुना रस्ता सरळ पाण्यात उतरत होता. त्याच्या कडेचा मैलाचा दगड डोक्यापर्यंत बुडाला होता. वारा पलीकडच्या काठाकडून येत होता आणि पाण्याच्या लहान लाटा वाटेच्या दगडांवर आपटत होत्या. खुशाल एका हाताने सायकलची मूठ धरी आणि दुसरा मागे नेऊन कॅरिअरवरचे गाठोडे चाचपे. वाटेवर दुसरे कोणीच नव्हते. नेहमी या वाटेवर पल्याडहून येणारी एखादी तरी बाई, दुधाचे कॅन बांधलेली सायकल भेटायची. कोणी भेटत नाही याचा अर्थ त्या वेळी त्याच्या ध्यानात आला नाही. ज्याने सकाळीच गल्लीतले सगळे माग बंद पडलेले ऐकले होते, त्याच्या तरी तो ध्यानात यायला हवा होता.

एका नाल्याच्या तोंडातून पाणी आत शिरले होते आणि वाट तुटली होती. त्याला शेतांच्या बांधांवरून सायकल ढकलत बराच वळसा घ्यावा लागला. वाट पुन्हा सापडली तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. पुढचा सगळा रस्ता त्याने उभ्याने पायडल मारले.

डोंग्याच्या जागी डोंगा नव्हता. किनाऱ्यावर रुतवलेला दोर बांधायचा खुंटा तेवढा होता. जवळ एक म्हातारा म्हशी राखत बसला होता. त्याचे नाव सुखराम. धरणात त्याचे शेत गेले होते आणि तेव्हापासून तो दुसऱ्यांच्या म्हशी राखत असे.

"डोंगा कवा येईन जी?" खुशालने विचारले.

"आज नाही येत पावने. पल्याड मयत झाली हाये."

"मले मालूम हाये."

"मंग? मंगरू मयतीच्या दिवशी पान्यात वल्हं नाही घालत. त्याचा बाप बी नव्हता घालत. लाकूड इस्तवात गेल्यावर, चिता पेटल्यावरच डोंगा सोडते तो." सुखरामने त्याच्याकडे नीट पाहिले. "तुमी कोन तिचे?"

"भाऊ."

सुखराम उठून उभा राहिला. मग सुखराम म्हणाला, "पुलावरून काहून नाही गेले बाप्पा?"

या प्रश्नाला उत्तर होते, पण ते आता कोणाच्या कामाचे नव्हते. जिच्यासाठी त्याला पलीकडे जायचे होते, तिच्याच मरणाने डोंगा बांधला गेला होता. मागे फिरून पूल गाठावा तर वाटेतच रात्र झाली असती.

समोर मोहटोल्याचा घाट दिसत होता. तिथे पाण्याचा पट्टा त्यातल्या त्यात अरुंद होता, तरीही माणसे बोटाच्या पेराएवढीच दिसत. मावळतीचे ऊन थेट पल्याडच्या उतारावर पडले होते आणि त्यामुळे तिकडचे सगळे लख्ख दिसत होते: रचलेली लाकडे, पांढऱ्या टोप्या, तिरडीभोवतीची गर्दी. वारा तिकडून इकडे येत असल्याने बायकांच्या रडण्याचा आवाजही मधूनमधून येत होता. खुशालने ओ दिली. सुखरामनेही तोंडाभोवती हात धरून मंगरूच्या नावाने हाका मारल्या. वाऱ्याने त्या दोघांच्याच तोंडावर परत आणल्या.

"तिकडं पाहा," सुखराम म्हणाला. "समदे सडकीकडे तोंड करून हायेत."

पुलाकडून येणाऱ्या सडकेकडे गाव पाहत होते. त्याचीच वाट पाहत होते. पाण्याकडे कोणाचे लक्ष नव्हते, आणि असते तरी मावळता सूर्य त्यांच्या डोळ्यांवर होता.

"कापड हालवा," सुखराम म्हणाला. "काही मोठं हाये काय? दिसन एखाद्याले."

मोठे कापड एकच होते. नव्या लुगड्याची घडी ज्याची त्याने मोडायची असते. ती विणणाऱ्याने मोडू नये, दुकानदाराने मोडू नये. खुशालने गाठोडे सोडले, क्षणभर ते तसेच हातात धरले, आणि घडी मोडली. एक टोक त्याने सुखरामच्या हातात दिले, दुसरे स्वतः धरले, आणि दोघे पाण्याच्या काठावर ते उंच धरून उभे राहिले. वाऱ्याने लुगडे फुगून शिडासारखे ताणले. मागच्या उन्हात कोश्याचा रंग पेटल्यासारखा दिसत होता, पण तो त्यांना दोघांना आणि म्हशींना. हात भरून येईपर्यंत ते तसे उभे राहिले.

मग ऊन घाटाच्या वरच्या झाडांवर चढले आणि खालच्या उतारावर सावली आली. गर्दी हलली. तिरडी उचलली गेली. एक माणूस लाकडांभोवती फिरताना दिसला. तो प्रविण असणार. थोड्या वेळाने धूर निघाला आणि पाण्यावरून सरळ इकडे आला.

खुशालने लुगड्याचे टोक सोडले नव्हते. सुखरामने आपल्या हातातले टोक आणून त्याच्या खांद्यावर ठेवले. "आंघोळ करून घ्या," तो हळू म्हणाला. "इथूनच करा. पानी त एकच हाये."

या घटनेत दोष कोणाचा, असा प्रश्न विचारण्याची आपल्याला सवय आहे. गावाने शब्दाप्रमाणे ऊन असेपर्यंत वाट पाहिली. मंगरूने बापाचा नेम पाळला. नदी जुनी होती तेव्हा या नेमाने कोणाचेही अडले नव्हते. काठावरून मारलेली हाक पलीकडे ऐकू जात असे आणि अगदीच वेळ आली तर माणूस पाण्यातून चालत जाऊ शके. त्यांचे सगळे नेम त्या नदीच्या रुंदीवर बेतलेले होते. पाणी वाढले तेव्हा घरे, शेते, झाडे यांचे काय होणार याचा विचार कोणीतरी, थोडाफार का होईना, केला असेल. दोन काठांवरच्या माणसांनी एकमेकांना दिलेल्या शब्दांचे काय होणार हे कोणाच्या डोक्यात यावे अशी अपेक्षाही कोणी केली नाही. खुशालनेही केली नव्हती. तो फक्त ओल्या अंगाने, सुखरामच्या गोठ्याच्या पडवीत बसून राहिला.

सकाळी मंगरूचा डोंगा आला. अलीकडे कोणीतरी उभे आहे हे त्याला अंधार पडल्यावर, सुखरामच्या शेकोटीवरून समजले होते. खुशालला ओळखताच त्याने वल्हे आत ओढले आणि तो बसूनच राहिला.

"मले मालूम असतं भाऊ, त मी नेम मोडला असता."

"मी मोडला होता," खुशाल म्हणाला. "काही नाही झालं त्यानं."

मंगरूला यातले काही कळले नाही आणि खुशालने समजावून सांगितले नाही. त्याने सायकल डोंग्यात चढवली.

मोहटोल्यात कोणी त्याला बोल लावला नाही. मेहुणे ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते, त्यांनी नुसता हात वर केला. प्रविणने पाया पडून त्याला आत नेले. "मामाजी, आमी सडकीकडेच पाहत होतो. मंग म्हाताऱ्या मानसाइनं म्हटलं, आता नाही थांबता येत. पन माहेरचं कमी नाही पडू देल्लं. मंदाबाईनं आपली कोरी साडी आनून देल्ली."

मंदाबाई ही त्याच गावात दिलेली, मूळची आंधळगावची लेक. माहेरचे माणूस वेळेवर न आल्यास त्याच गावच्या दुसऱ्या लेकीने माहेरच्या वतीने उभे राहावे, असा रिवाज आहे. तो तिने पाळला होता. अशा वेळी भावाने पुढे तिला तशीच साडी परत द्यावी, हाही रिवाजच. खुशाल तिच्या दारी गेला आणि कॅरिअरवरचे गाठोडे काढून तिच्यापुढे धरले.

मंदाबाईने लुगडे पाहिले. ती कोष्ट्याची लेक होती. तिने काठावरून बोट फिरवले, पदराची वीण उलटून पाहिली आणि तिचे डोळे भरून आले. "हे तिच्यासाठी होतं ना दादा?"

"हो."

"मंग मले नको." तिने ते परत त्याच्या हातात दिले. "मेलेल्या मानसाच्या नावाचं. लेकरंबाळं हायेत माहे. राग नका येऊ देऊ. मले दुकानातली आनून द्या. हिरवी होती माही."

त्यात रागावण्यासारखे काही नव्हते. तो तिसऱ्या दिवसापर्यंत थांबला, राख सावडून झाल्यावर निघाला. मंगरूने त्याला अलीकडे सोडले आणि तो त्याच वाटेने, आता उजव्या हाताला पाणी ठेवून, सायकल चालवत भंडाऱ्याला आणि तिथून आंधळगावला आला. लुगडे कॅरिअरवर होते.

घरी ताराबाईने गाठोडे सोडले. मोडलेली घडी तिने पाहिली. लुगड्याच्या काठाला लागलेला पाण्याकडेचा चिखल पाहिला. लुगडे धुऊन, सुकवून, पुन्हा घडी घालून तिने मोडक्या मागाच्या आडव्या लाकडावर ठेवले. ते नेसण्याचे नव्हते, देण्याचे नव्हते आणि घडी मोडल्यामुळे विकण्याचेही नव्हते.

सुतक फिटल्यावर खुशाल भैय्यालालच्या दुकानात गेला. भैय्यालाल त्याला पाहून गादीवरून उठला आणि आपणहून फळीवरच्या साड्या खाली काढू लागला.

"कोन्या रंगाची देऊ?"

"हिरवी," खुशाल म्हणाला.

भैय्यालालने तिची घडी मोडून दाखवायला हात घातला, तेव्हा खुशालने त्याचा हात धरला. "राहू दे. तशीच बांध."

दुसऱ्या दिवशी तो साडी घेऊन मोहटोल्याला निघाला. या वेळी तो पुलावरच्या सडकेने गेला.